कविता तिची, वही सगळ्यांची

आम्ही बचत गटाच्या बाया. एरवी रेडिओवर आलो की हप्ता, व्याज, हिशोबाची वही याच गोष्टी बोलतो. आज मात्र कवितेबद्दल बोलायचं आहे. हसू नका. महिन्यातून दोनदा, बचतीची बैठक उरकली की आम्ही सातजणी तासभर मागे थांबतो. दोघींना लिहिता येत नाही. त्या सांगतात, बाकीच्या लिहून घेतात. वही एकच, शंभर पानी.

कविता म्हटलं की बाया आधी म्हणतात, "आमाला कुठं येतंय!" मग जात्यावरच्या ओव्या कोणी केल्या? आपल्याच आज्या-पणज्यांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. ओवी सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गावही त्यांनी नोंदवून ठेवलं. म्हणजे येत नाही असं नाही. कोणी ऐकून घेत नाही, एवढंच.

पण ऐकून घेणंही शिकावं लागतं. आमच्या हातून यात एक चूक झाली. ती तुमच्या गटात होऊ नये म्हणून सांगतो.

आमच्यातल्या एका ताईनं गटाचं कर्ज काढून गाय घेतली होती. पाऊस लांबला, वैरण महागली, दूध आटलं. दोन हप्ते थकले आणि तिनं गाय बाजारात नेली. त्यानंतरच्या बैठकीत तिनं चार ओळी सांगितल्या:

खुट्याला दावं हाय, गाय न्हाई.
सांजच्याला चरवी घेऊन उठते,
मंग बसते.
गटाचा हप्ता फिटला.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग आम्ही ती कविता सुधारायला बसलो. 'हाय'चं 'आहे' केलं, 'सांजच्याला'चं 'सायंकाळी' केलं. यमक जुळवलं, शेवटी गोमातेला नमस्कार घातला. आणि हप्त्याची ओळ काढून टाकली. तिला सांगितलं, यमकात बसत नाही. खरं कारण वेगळं होतं. ती ओळ आम्हाला टोचत होती. थकलेल्या हप्त्यासाठी तिच्या दारात आम्हीच तर गेलो होतो.

ताई "बरं" म्हणाली आणि घरी गेली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे तेवढे पोरीबरोबर पाठवले.

शेवटी आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "चांगली केलीया तुमी. पर ती तुमची झाली. माजी गाय त्यात न्हाई."

यावर आम्ही काय बोलणार? वहीतल्या सुधारलेल्या पानावर काट मारली. म्हटलं, "ताई, तुझी तू पुन्हा सांग." तिनं सांगितली. या वेळी आम्ही काही सुचवलं नाही, फक्त एक विचारलं: "चरवी घेऊन उठतीस, मग त्या चरवीचं काय करतीस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पालथी घालते. आता तसंच लिवा." 'मंग बसते' तिनंच काढलं:

खुट्याला दावं हाय, गाय न्हाई.
सांजच्याला चरवी घेऊन उठते,
मंग पालथी घालते.
गटाचा हप्ता फिटला.

बदल एका ओळीचा, पण तो तिचा तिनं केला. आपल्याला वाटतं, बोली म्हणजे चूक. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. ती गाणी त्यांच्या खानदेशी बोलीतच छापली गेली, म्हणून आजही त्यात त्यांचा आवाज ऐकू येतो.

बचत गटाला जशी पंचसूत्री, तसे आम्ही कवितेच्या बैठकीलाही नियम घातले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला, कविता दोनदा ऐकायची. मध्ये कोणी बोलायचं नाही. दुसरा, सांगेल तसंच लिहायचं. 'न्हाई' म्हणाली तर 'न्हाई'च. तिसरा, आधी प्रत्येकीनं आपल्याला कुठली ओळ लागली ते सांगायचं. चौथा, सुधारणा सुचवायची नाही, प्रश्न विचारायचा. कधी झालं, हातात काय होतं, पुढं काय केलंस? उत्तरात बहुतेक वेळा पुढची ओळ सापडते. बदल करायचा की नाही, हे जिची कविता तीच ठरवणार. पाचवा, कवितेखाली तिचं नाव लिहायचं, पण ती हो म्हणाल्याशिवाय कविता वहीबाहेर न्यायची नाही. घरातलं दुखणं कवितेत येतं. ते पाणवठ्यावर पोचलं तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही.

त्या शेवटच्या ओळीनं आणखी एक काम केलं. आम्ही ती गटाच्या बैठकीत वाचली, तिला विचारूनच. मग सगळ्यांच्या संमतीनं ठराव केला: जनावरासाठी कर्ज घेतलेल्या बाईला वैरणीची अडचण आली, तर दारात जाण्याआधी तिच्याबरोबर बसायचं आणि हप्ता पुढं ढकलता येतो का बघायचं. ताईची गाय काही परत आली नाही. ताई मात्र बैठकीला येते.

आज ही कविता वाचली ती तिच्या परवानगीनं. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीनंतर चौघीजणी तरी मागे थांबा. एक वही घ्या. एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि एखादी ओळ आपल्याला टोचली, तर ती खोडायच्या आधी का टोचली ते बघा.