घरच्या बागेतील करवंदीची जाळी

आइस्क्रीमच्या दुकानांतून हल्ली ‘ब्लॅक करंट’ नावाचा एक गर्द जांभळा प्रकार मिळतो. तो चाखल्यावर, आणि विलायतेत स्थायिक झालेल्या आप्तांच्या परसातील त्या फळांची छायाचित्रे पाहिल्यावर, हे झुडूप आपल्याही वाडीत असावे अशी इच्छा आगाशीतील एखाद्या हौशी गृहस्थाच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ज्या गावाने वाळूमिश्रित जमिनीत केळीच्या बागा उभ्या केल्या, पानवेली चढविल्या, राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून तिची सुकेळी दूरवर प्रसिद्ध केली, त्या गावच्या माणसास ‘अमुक झाड तुझ्या मातीत येणार नाही’ असे सांगितलेले सहसा रुचत नाही. पाणी घालू, खत घालू, सावली धरू, मग का येणार नाही, असे तो विचारतो.

परंतु येथे प्रश्न मातीचा नसून थंडीचा आहे. ब्लॅक करंट हे युरोप व उत्तर आशियातील थंड प्रदेशांचे झुडूप होय. हिवाळ्यात त्याची पाने झडतात, झुडूप झोपी जाते, आणि ती झोप पुरी झाल्याखेरीज वसंतात त्याला नीट फुलोरा येत नाही. या झोपेचा हिशोब शास्त्रज्ञ तासांनी करतात. ७ अंश सेल्सियसच्या खालची थंडी बहुतेक जातींना सुमारे १००० तास, कित्येकांना त्याहूनही अधिक लागते. समुद्राच्या कुशीत वसलेल्या आगाशीत पौषातल्या पहाटेदेखील पारा इतका खाली उतरत नाही. मग हजार तासांची गोष्टच बोलावयास नको. कुंडीत लावून रोज बर्फ घालण्याचे प्रयोग हौसेने कोणी करील, पण त्याला बागकाम म्हणता येणार नाही. या झुडपाचे काही रानटी भाऊबंद आपल्या हिमालयात आहेत खरे. ते तेथेच शोभतात.

या फळाच्या नावातही थोडा घोटाळा आहे. वाण्याच्या दुकानातून ‘करंट’ म्हणून आणलेली बारीक काळी सुकी फळे पुष्कळदा त्या झुडपाची नसतातच. ती बिनबियांच्या लहान द्राक्षांची मनुका असते, आणि ‘करंट’ हा शब्दच मुळी ग्रीस देशातील कॉरिंथ या नगराच्या नावावरून तिच्यासाठी निघाला. पुढे उत्तरेकडील झुडपाच्या फळांना ती तशी दिसतात म्हणून तेच नाव चिकटले. इंग्लंडात मात्र खऱ्या ब्लॅक करंटला एक वेगळाच मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची ये-जा धोक्याची होऊन संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वासाठी तेथील लहान मुलांना या फळांचे सरबत सरकारतर्फे वाटण्यात आले. परकी फळ येईना, तेव्हा परसातले फळ कामास आले.

आगाशीच्या परसात असे कोणते फळ आहे? काळेभोर, आंबटगोड, मुठीत मावेल तितके घेऊन तोंडात टाकावे असे, आणि माणसाच्या उंचीच्या झुडपाला घोसाघोसांनी लागणारे? उत्तरासाठी दूर जावयास नको. वैशाखात विरार स्टेशनाबाहेर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून आदिवासी बायका बसलेल्या असतात. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून जी ओळखली जाते, ती करवंदेच त्या द्रोणांत असतात. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ न खेळलेला माणूस उत्तर कोकणात शोधून काढावा लागेल.

करवंदीचे संस्कृत नाव करमर्द. लिनियसने १७६७ साली तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा ‘कॅरिसा’ या शब्दापुढे ‘कॅरंडास’ हा आपल्याच देशी नावाचा अवशेष जोडून दिला. कुळाने ती कण्हेर, तगर, सदाफुली यांची नातलग. या कुळातील बहुतेक मंडळी चिकाची आणि पुष्कळशी विषारी. करवंदीने चीक तेवढा ठेवला आणि फळ मात्र माणसाच्या व पाखरांच्या स्वाधीन केले. ब्लॅक करंटशी तिचे रक्ताचे नाते काहीच नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीतही करवंदाने त्या फळाशी बरोबरी सांगू नये. तो मान आपल्याकडे आवळ्याचा आहे. पण रंग, आंबटपणा, मुरंबा, सरबत आणि मुलांची झुंबड या गोष्टींसाठी जर कोणास ब्लॅक करंट हवे असेल, तर त्याची गरज करवंद पुरेपूर भागविते.

यावर वाडीवाला म्हणेल, डोंगरावर फुकट पिकणारी वस्तू वाडीत लावावयाची कशाला? पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न योग्यच होता. आज विरार-वसईच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी इमारती चढत गेल्या आहेत. रानात वणवे लागतात, जाळ्या तुटतात, आणि तुटलेली जाळी पुन्हा फळावर येण्यास वर्षे जातात. इकडे पश्चिमेच्या गावांतही वाडीभोवतीची जिवंत कुंपणे जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या. भिंत एकदा बांधली की विसरता येते, ही तिची सोय खरी. पण ती पावसाचे पाणी अडविते, चैत्रात तापते, आणि तिच्यात बुलबुल घरटे करीत नाही. जेथे भिंत अजून बांधलेली नाही, तेथे करवंदीची जाळी लावणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत चविष्ट बंदोबस्त आहे.

लागवडीचे काम वैशाख-ज्येष्ठात, फळ पिकते त्याच वेळी सुरू होते. करवंदाची बी ठेवणीतली नव्हे. ताज्या पिकल्या फळातून काढावी, गर धुवून टाकावा, सावलीत एखाद-दोन दिवस सुकवावी आणि लागलीच पेरावी. ठेवून दिल्यास तिची उगवण झपाट्याने घटते. बी पसरट पेटीत किंवा पिशवीत वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीत अर्धा इंच खोल पुरावी. पंधरा-वीस दिवसांत कोंब वर येतात. त्यानंतर मात्र धीर धरावा लागतो, कारण पहिल्या वर्षी रोप फार सावकाश वाढते. पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी ते जागेवर लावावे.

बियांपासून केलेल्या झाडांत एक जुगार असतो. एका फळाच्या चार बियांपैकी एक झाड गोड निघेल, दुसरे आंबट, तिसऱ्याला फळ बारीक येईल. कुंपणासाठी ही विविधता चालते, किंबहुना तिच्यातच गंमत आहे. परंतु मोठी व सारखी फळेच हवी असतील, तर कलम घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची जात निवडून प्रसारित केली आहे, तिची कलमे रोपवाटिकांतून मिळतात. घरच्या घरी करावयाचे तर पावसाळ्यात गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल वाटोळी काढून, तेथे ओले शेवाळ लावून घट्ट गुंडाळावे. दोन-तीन महिन्यांत मुळे दिसू लागली की फांदी कापून लावावी. नुसती फांदी खोचून करवंद लावण्याचा मोह अनेकांस होतो. चिकामुळे त्या फांद्या बहुधा सुकूनच जातात.

जमिनीविषयी करवंदीची मागणी फारच थोडी आहे. मुरूम, वाळू, कातळाच्या खाचेतील चिमूटभर माती, काहीही तिला चालते. आगाशीकरांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. समुद्राजवळच्या ज्या विहिरींचा उपसा फार झाला, त्यांचे पाणी मचूळ होत चालल्याची तक्रार या पट्ट्यात जुनी आहे. अशा पाण्यावर पानवेल कुढते. करवंद मात्र मध्यम खारेपणा सोसून उभी राहते. तिला सोसत नाही ते साचलेले पाणी. म्हणून आषाढात ज्या खाचरात बेडूक ओरडतात, तेथे ती लावू नये. लावावयाचीच असेल तर दीड फूट उंचीचा वरंबा करून त्यावर लावावी.

खड्डा लांबी-रुंदी-खोलीस दीड फूट पुरे. त्यात पाटीभर शेणखत मातीत मिसळून घालावे. कुंपण करावयाचे तर दोन झाडांत २ ते ३ फूट अंतर ठेवावे. फळासाठी सुटी झाडे लावावयाची तर ८ फुटांपेक्षा कमी ठेवू नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, पुढे तिचे तीच पाहते. केळीच्या पाटातले पाणी तिच्या मुळाशी सतत जाऊ दिल्यास झाड पानांनी गच्च होते आणि फळ रुसते. वाडीवाल्याच्या हातून होणारी चूक बहुधा हीच असते, कारण झाडाला उपाशी ठेवणे त्याच्या स्वभावात नसते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. त्यांचा वास जाईजुईच्या जातीचा, पण अंगावर न येणारा. पुढे हिरवी, मग लालसर, मग काळी अशी फळे होतात, आणि ती सर्व एका दिवशी पिकत नाहीत. घरच्या बागेला हा गुणच आहे. महिनाभर रोज मूठभर फळे मिळत राहतात.

आता काट्यांविषयी. करवंदीचा काटा दुहेरी, लांब आणि कठीण असतो, त्याला चेष्टा समजत नाही. म्हणून पायवाटेच्या कडेला, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा विहिरीच्या तोंडाशी जाळी लावू नये. शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान ३ फूट आत लावावी. कारण ही जाळी कालांतराने दोन्ही बाजूंना पसरते, आणि कोकणात हद्दीच्या झुडपावरून झालेल्या भांडणांचा इतिहास पुष्कळ मोठा आहे. छाटणी फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी. फुलोरा फांद्यांच्या शेंड्यांकडे येत असल्यामुळे जो मनुष्य दर महिन्याला कात्री घेऊन कुंपण सपाट करतो, त्याला कुंपण मिळते, करवंदे मिळत नाहीत. दोन्ही पाहिजे असेल तर बाहेरची बाजू कापावी आणि आतली मोकळी सोडावी. हातमोजे चामड्याचे घ्यावेत. कापडी मोज्यांनी काट्याची करमणूक होते इतकेच.

स्वयंपाकघरात करवंदाचा खरा अडथळा चीक हा आहे. फळे तोडून मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून चोळून धुतली की तो बराचसा जातो. कच्च्या हिरव्या फळांचे लोणचे कैरीच्या तोडीचे होते. अर्धवट पिकलेल्या फळांत पेक्टिन पुष्कळ असल्यामुळे त्यांची जेली बाहेरचे काही न घालता आळते. पूर्ण पिकलेल्यांचे सरबत व मुरंबा करावा. आणखी एक गोष्ट ऐकून कित्येकांस नवल वाटेल. आपल्या बाजारातील केकांवर, पानावर आणि आइस्क्रीमवर जी लालचुटूक ‘चेरी’ बसविलेली असते, ती बहुधा बी काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरविलेले करवंद असते. वसईच्या घराघरांतून नाताळात जे केक भाजले जातात, त्यांत परक्या नावाने हे देशी फळ कितीदा गेले असेल! सुकेळी वाळविण्याचे कसब ज्या गावात पिढीजात आहे, त्याला पाकात मुरवून वाळविलेले करवंद साधणे अवघड नाही.

वाडीतल्या दोन जाळ्यांमुळे विरारच्या द्रोणवालीचे गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट लागवडीची सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते. कोणत्या टेकडीच्या कोणत्या उतारावरची जाळी गोड, कोणती आंबट, कोणतीला फळ मोठे, हे कोणत्याही रोपवाटिकेपेक्षा तिला अधिक ठाऊक असते. विचारले तर ती सांगते. तिच्याकडून गोड जाळीचे दोन द्रोण घ्यावेत, घरी मुलांपुढे ठेवावेत, आणि बिया थुंकण्यासाठी मध्ये एक वाटी ठेवण्यास विसरू नये. त्या बिया संध्याकाळी धुवून सावलीत पसरल्या, की आठवडाभरात पेटीत जाऊ शकतात, आणि पहिला पाऊस येतो तेव्हा त्या मातीखाली तयार असतात.