लांब पेटीचे घड्याळ : एक नाव, अनेक हात



पुरुषभर उंचीच्या लाकडी पेटीतले जुने इंग्रजी घड्याळ दिवाणखान्याचे भूषण वाटते. परंतु ती उंची शोभेसाठी नव्हे, लंबकासाठी आहे. १६५६ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक जोडला आणि दिवसाकाठी सुमारे १५ मिनिटांची चूक सुमारे १५ सेकंदांवर आली. आरंभीचे लंबक आखूड, त्यांचा झोका मात्र रुंद. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जहाजाच्या नांगरासारखी दिसणारी खटकी प्रचारात आली. दातेरी चाकाचा एकेक दात ती अडवते आणि सोडते. तिच्यामुळे झोका लहान झाला आणि एका सेकंदात एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा, सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा लंबक अरुंद पेटीत मावू लागला. हिचा जनक रॉबर्ट हूक, विल्यम क्लेमंट की जोसेफ निब, हा वाद आजही मिटलेला नाही.

श्रेयाचा हा प्रश्न या साऱ्या कारागिरीलाच लागू आहे. या क्षेत्रात थोर नावे आहेतच. थॉमस टॉम्पियन हा लोहाराचा मुलगा. १७१३ साली त्याचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबेत झाले आणि १७५१ साली त्याचा सहकारी जॉर्ज ग्रॅहम त्याच थडग्यात विसावला. जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा. त्याने आपल्या पहिल्या घड्याळांची चाके ओकच्या लाकडाची केली. पण असा मान किती जणांच्या वाट्याला आला? तबकडीवर नाव एकाचे असे. पितळ ओतणारा, नक्षी कोरणारा, पेटी जोडणारा सुतार अनामच राही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या रंगीत तबकड्या गावोगाव जाऊ लागल्या. त्यांवर पुष्कळदा विक्रेत्याचेच नाव चढे.

मात्र अशी घड्याळे उघडली, की आतल्या पितळी पत्र्यावर किंवा तबकडीच्या पाठीमागे कधी कधी बारीक ओरखडे दिसतात. ती जुन्या दुरुस्तीकारांची नावे आणि तारखा असतात. मालकाला न दिसणारी ही नोंद पुढच्या कारागिरासाठीच जणू ठेवलेली असते. म्हणून झिजलेला भाग सरसकट काढून नवा चकचकीत भाग बसवणे, हे केवळ दुरुस्तीचे काम राहत नाही. एखाद्या अज्ञात माणसाच्या हाताचा उरलेला एकमेव पुरावा त्यात नाहीसा होतो. जाणता दुरुस्तीकार शक्य तेथे जुनाच भाग सांधतो आणि जे बदलावे लागेल त्याची नोंद ठेवतो.