घोणशीचे विष आणि हातातले तास



 डॉक्टर आणि जीवशास्त्राच्या अभ्यासकांची ही परिषद ग्वाल्हेरला भरते आहे, याचा मला आनंद आहे. १९६१ साली याच नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या इतिहासात तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. विज्ञानाचेही हे जुने ठाणे आहे. १९४६ साली इथे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. १९४७ साली जिवाजीराव शिंदे यांनी औद्योगिक संशोधनासाठी प्रयोगशाळा काढली. तीच पुढे संरक्षण खात्याकडे गेली आणि आज डीआरडीई (संरक्षण संशोधन व विकास आस्थापना) म्हणून रासायनिक व जैविक विषांवर काम करते. विषाचा अभ्यास ज्या गावात रुजला, तिथे मी आज विषाबद्दलच बोलणार आहे: घोणस आणि फुरसे या दोन सापांच्या विषाबद्दल.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यातले निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. मृत्यूंचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान ही तिन्ही आहेत, आणि त्या तिन्हींच्या सीमा या शहरापासून फार लांब नाहीत. मरणारे बहुतेक शेतकरी, मजूर, गुराखी आणि त्यांची मुले. साप ओळखला गेला अशा दंशांत घोणशीचा वाटा सगळ्यांत मोठा आढळतो.

घोणस जाड, आखूड शेपटीची, साधारण चार फुटांची. अंगावर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. ती अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, आणि एका वेळी वीस ते चाळीस. उत्तर भारतात ही वीण बहुधा मे ते जुलै या काळात होते, म्हणजे पेरणीसाठी माणूस शेतात उतरतो तेव्हाच बांधावर नवी पिढी आलेली असते. घोणस भक्ष्याचा पाठलाग करत नाही. उंदराच्या वाटेवर, गवतात, कडब्याच्या गंजीजवळ ती निश्चल पडून राहते. पाऊल जवळ आले तरी ती हलत नाही, आणि तिथेच घात होतो. डिवचली गेली तर मात्र प्रेशर कुकरच्या शिट्टीइतक्या जोराने फुत्कारते. हा इशारा ज्याने ऐकला तो वाचला. पण अंधारात, गवत कापण्याच्या नादात, तो ऐकण्याआधीच हात पुढे गेलेला असतो.

फुरसे हे तिचे लहान भावंड, जेमतेम दीड-दोन फुटांचे. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. अंगाच्या बाजूंचे खवले करवतीच्या दात्यांचे. वेटोळे घालून ते एकमेकांवर घासले की खरखर असा कोरडा आवाज येतो. खडकाळ, रुक्ष, उघडी जमीन त्याला आवडते. कोकणात ते इतके होते की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशी मारण्यासाठी बक्षिसे लावली. बक्षिसे संपली, फुरसे राहिले. सापांना मारून सर्पदंश संपत नाही, हा धडा त्या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वीच दिला आहे. शिवाय या दोन्ही सापांवर शेतातल्या उंदरांचा बंदोबस्त अवलंबून आहे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

या कुळातल्या सापांचे विषदंत लांब, पोकळ आणि बिजागरीवर बसवलेले असतात. तोंड मिटले की ते टाळूशी आडवे होतात, उघडले की पुढे उभे राहतात. त्यामुळे विष खोलवर जाते. हे विष मुळात उंदरासाठी आहे: त्याला लुळे करणे, रक्ताभिसरण कोसळवणे आणि पचनाला मदत करणे एवढेच त्याचे काम. माणसाच्या शरीरात ते शिरते तेव्हा मात्र तीच यंत्रणा मोठ्या प्रमाणावर चालू होते.

रक्त साकळण्याची क्रिया ही घटकांची एक ओळ आहे. एक घटक जागा झाला की तो पुढच्याला जागे करतो आणि शेवटी फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे जाळे तयार होते. घोणशीच्या विषातले एक प्रथिन-विघटक द्रव्य दहाव्या घटकाला, तर दुसरे पाचव्या घटकाला थेट जागे करते. फुरशाच्या विषातले एकॅरिन याच्याही पुढच्या टप्प्यावर, प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. परिणाम असा की रक्तवाहिन्यांत सर्वत्र सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात आणि साकळण्याचे सगळे साहित्य खर्च होऊन जाते. मग रक्त साकळतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून ते झिरपू लागते. कधी मेंदूत उतरते.

विष एवढ्यावर थांबत नाही. दंशाच्या जागी सूज वर चढते, फोड येतात, मांस सडते. केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तदाब खाली येतो. घोणशीच्या दंशानंतर मूत्रपिंडे बंद पडणे हे मृत्यूचे मोठे कारण आहे. दक्षिण भारतात आणि म्यानमारमध्ये पिट्युटरी ग्रंथीत रक्तस्राव होऊन रुग्ण पुढे आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्यांवर राहिल्याच्या नोंदी आहेत. दक्षिणेत आणि श्रीलंकेत याच सापाच्या दंशाने पापण्याही ओघळतात. रुग्ण वाचला म्हणजे दंश संपला, असे समजू नये.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. मण्यार किंवा नाग चावला तर श्वास काही तासांत थांबू शकतो. घोणस किंवा फुरसे चावले तर क्वचित मृत्यू तातडीने येतो, पण बहुतेकदा तो एक-दोन दिवसांनी, कधी आठवड्यानेही येतो. याचा अर्थ असा की हा साप माणसाला वेळ देतो. आपल्या देशात या दंशाने होणाऱ्या मृत्यूंतले बरेचसे त्या वेळेच्या अपव्ययाने होतात. विष फिरत असताना मूत्रपिंडांचे आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान थांबत नाही, आणि प्रतिविष मोकळ्या विषाला बांधते, झालेले नुकसान भरून काढत नाही. म्हणून पहिली कुपी कधी दिली, या एका प्रश्नावर पुढचे सगळे ठरते.

एक रुग्ण मला आठवते. गवत कापताना हाताला दंश झाला. तासाभरात ती एका दवाखान्यात पोहोचली होती. तिथे प्रतिविष होते, पण रिॲक्शन आली तर काय करायचे, या भीतीने तिला पुढे पाठवले गेले. पुढच्या ठिकाणाहून आणखी पुढे. आमच्या रुग्णालयात ती आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली होती. ती वाचली, पण कित्येक आठवडे डायलिसिसवर राहून. साप चावल्यापासून पहिल्या कुपीपर्यंतचे ते तास पुरेसे होते. ते वाहनांत गेले.

रिॲक्शनची ही भीती निराधार नाही. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या प्रतिविषाने ॲलर्जी होते, कधी गंभीरही. पण तिच्यावर उपाय ठरलेला आहे: मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन, प्रौढांना अर्धा मिलिग्रॅम. ज्या टेबलावर प्रतिविष आहे तिथे ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज हवी, आणि ती वापरण्याचा सराव असलेला माणूस हवा. आणखी एक गोष्ट वारंवार चुकते. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने मुलाला कमी विष दिलेले नसते.

निदानासाठी मोठे यंत्र लागत नाही. दोन मिलिलिटर ताजे रक्त एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवू नये, मग नळी तिरकी करून पाहायचे. रक्त वाहिले तर घोणशीचे किंवा फुरशाचे विष काम करते आहे, असे धरून उपचार सुरू करायचा. नळी काचेचीच हवी; प्लास्टिकची चालत नाही. ही चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते, आणि होत नसेल तर ती अडवणारी गोष्ट पैसा नाही.

रुग्ण दवाखान्यात उशिरा का येतो, हेही पाहिले पाहिजे. इथून जवळ, दतिया जिल्ह्यात, सिंध नदीच्या काठी रतनगढ मातेचे देवस्थान आहे. साप चावला की तिथल्या कुँवर महाराजांच्या नावाने बंध बांधायचा आणि दिवाळीनंतरच्या भाऊबीजेला तिथे जाऊन तो सोडवायचा, अशी या भागाची श्रद्धा आहे. हजारो माणसे त्या दिवशी तिथे येतात. या श्रद्धेशी भांडून आपण एकही रुग्ण लवकर आणू शकणार नाही. बंध नावाने बांधा, पण तो आवळू नका, आणि गाडी थेट रुग्णालयाकडे वळवा, हे सांगणारा त्यांच्यातलाच भगत आपल्या बाजूला यायला हवा. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, साप पकडायला जाऊ नका. ही पाच वाक्ये त्याच्या तोंडून गावात गेली तर ती टिकतील.

प्रतिविषाच्या गुणवत्तेकडेही लक्ष वेधतो. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत यांनी नागाविरुद्धचे सीरम तयार केले, तेव्हा ते सर्व सापांवर चालेल अशी आशा होती. घोणशीच्या विषापुढे ते निष्प्रभ ठरते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात काम करणाऱ्या जॉर्ज लॅम यांनी दाखवले. आजचे आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध बनते, आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ पासून त्या माणसांच्या कौशल्यावर देशाचे प्राण अवलंबून आहेत. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून मांडले आहे. राजस्थानातल्या फुरशाच्या प्रकारावर चालू प्रतिविष अपुरे पडते, हेही. लॅम यांचाच प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उभा आहे. मग इथल्या चंबळच्या खोऱ्यातल्या सापांचे विष चंबळच्या रुग्णांसाठी का तपासू नये? प्रयोगशाळा, वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्ण हे तिन्ही इथेच आहेत.

सापांच्या विषाने वैद्यकाला दिलेही पुष्कळ आहे. १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी घोणशीचे विष वापरले. ल्युपसशी संबंधित रक्तदोष शोधायला आजही ते चाचणीत वापरतात. हृदयविकारात दिले जाणारे टिरोफिबान फुरशाच्या विषातल्या एका रेणूवरून घडले. रक्तदाबाच्या कॅप्टोप्रिलची वाट ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषातून निघाली. जगभरच्या रुग्णांना मिळालेले हे दान ज्यांच्या शेतात हे साप राहतात, त्यांच्यापर्यंत प्रतिविषाच्या रूपाने तरी वेळेवर पोहोचले पाहिजे.

मराठी माणसांनी या क्षेत्रात केलेले काम इथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. परळच्या हाफकिन संस्थेत पु. ज. देवरस यांनी सापांचा अभ्यास केला आणि १९६५ साली भारतीय सापांवर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. महाडला हिंमतराव बावस्कर यांनी लहान गावातल्या दवाखान्यातून विंचूदंश आणि सर्पदंशावर जगाने वाचावे असे संशोधन केले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी लोकांना सापाकडे न घाबरता पाहायला शिकवले. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेची वाट न पाहता काम करता येते, हे महाडने सिद्ध केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. मध्य प्रदेश सरकार सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला चार लाख रुपये देते. ती मदत आवश्यकच आहे. पण मृत्यूनंतर द्यायच्या रकमेइतकीच काळजी पहिल्या तासाची घेतली जावी, अशी माझी मागणी आहे.

म्हणून या परिषदेने चार ठराव करावेत, असे मी सुचवतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी प्रतिविष, ॲड्रेनॅलिन आणि काचेच्या परीक्षानळ्या असाव्यात. लक्षणे दिसताच पहिली मात्रा तिथेच सुरू करून मगच रुग्णाला पुढे न्यावे, आणि असे करणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहावे. चंबळ खोऱ्यातील घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा अभ्यास ग्वाल्हेरमध्ये सुरू व्हावा. आणि पायात बूट, हातात बॅटरी, झोपायला खाट व मच्छरदाणी, एवढे सांगणारे साधे साहित्य मराठीत, हिंदीत आणि बुंदेलीत आपणच लिहावे.

पाऊस दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि त्याच्याबरोबर दंशही येतात. आपण मे अखेरपर्यंत तयार असलो, तर येत्या पावसाळ्यात याच जिल्ह्यांतल्या काही घरांतली माणसे घरीच राहतील. त्या कामाला आपण इथून उठताच लागावे, ही माझी सर्वांना विनंती.