एचआयव्ही : भय नको, जाण हवी

१९८६ साली तत्कालीन मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांतून भारतातील एचआयव्हीबाधितांची पहिली नोंद झाली. तेव्हा परिणामकारक औषध हाती नव्हते. पुढे १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटी उपचार विनामूल्य सुरू केले. हे औषध नियमित घेतल्यास बाधित व्यक्ती दीर्घायुष्य जगू शकते. रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागणही होत नाही.

तरीही तरुण चाचणीस कचरतो. रोगापेक्षा गावाच्या नजरेचे भय त्याला अधिक वाटते आणि उपचारास विलंब होतो.

यासाठी शाळा-महाविद्यालयांतून आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि बाधित मातेकडून बालकास, हे लागणीचे मार्ग होत. निरोध व निर्जंतुक सुई संरक्षण देतात. गरोदरपणी वेळीच सुरू केलेले उपचार बालकास वाचवितात. एका बाकावर बसल्याने वा एका पंगतीत जेवल्याने लागण होत नाही.

शासकीय केंद्रांत समुपदेशन व चाचणी विनामूल्य होते. १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. संमतीविना चाचणी करणे, बाधिताची ओळख उघड करणे, शाळा वा नोकरी नाकारणे यांस २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. मात्र गावात हा कायदा जिवंत राहतो तो शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या वागणुकीतून. बाधित मुलाचे नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडणार नाही, एवढा विश्वास वाटला तरी पुष्कळ तरुण आपणहून चाचणी केंद्राची पायरी चढतील.