संपातून सत्तेकडे : ग्रेनाडाचे एरिक गेअरी



कामगारांचा पुढारी राज्यावर बसला म्हणजे कामगारांचे राज्य आले, असे म्हणता येईल काय? आम्हा युनियनच्या माणसांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नुसत्या तत्त्वचर्चेने तो सुटत नाही. म्हणून आज आम्ही एका माणसाची हकीकत सांगणार आहोत.

कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचे छोटे बेट आहे. जायफळ आणि कोको ही तिथली मुख्य पिके. त्या काळी मोठे मळे मूठभर मालकांचे आणि राज्य इंग्रजांचे. एरिक गेअरी यांचा जन्म तिथे १९२२ साली झाला. तरुणपणी ते अरुबा बेटावर तेलाच्या कारखान्यात कामाला गेले. परत आल्यावर १९५० साली त्यांनी मळ्यांतल्या मजुरांची युनियन बांधली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बेटभर संप पुकारला. जाळपोळ झाली. रात्री आभाळ तांबडे दिसे, म्हणून लोकांनी त्या दिवसांना ‘तांबडे आभाळ’ हेच नाव दिले. सरकारने लढाऊ जहाज आणले, गेअरींना कॅरियाकू बेटावर स्थानबद्ध केले. पण संप मोडला नाही. अखेर त्यांना सोडावे लागले आणि मजुरांना वाढ मिळाली. त्याच वर्षी सर्व प्रौढांना प्रथमच मताचा हक्क मिळाला, तेव्हा त्यांच्या पक्षाने आठापैकी सहा जागा जिंकल्या. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना या माणसाने उभे केले, हे ऋण नाकारता येत नाही.

पण पुढे काय झाले? १९६१ साली ते मुख्यमंत्री झाले. सार्वजनिक पैशाची उधळपट्टी झाल्याचे चौकशीत निघाले आणि १९६२ साली इंग्रजांनी त्यांना दूर केले. १९६७ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. आता युनियन त्यांची, पक्ष त्यांचा आणि पोलीसही त्यांचे. विरोधकांना मारहाण करणारी खाजगी टोळी उभी राहिली. लोक तिला ‘मुंगूस टोळी’ म्हणत.

जानेवारी १९७४ मध्ये त्यांच्याविरुद्धच संप सुरू झाला. २१ तारखेला सेंट जॉर्जेस शहरात गोदी कामगारांच्या युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला आणि रुपर्ट बिशप गोळीला बळी पडले. संपातून वर आलेल्या पुढाऱ्याच्या राज्यात युनियनच्याच दारात रक्त सांडले! त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ७ फेब्रुवारीला, देश स्वतंत्र झाला आणि गेअरी पहिले पंतप्रधान झाले. १३ मार्च १९७९ रोजी ते परदेशी असताना रुपर्ट यांचे पुत्र मॉरिस बिशप यांच्या पक्षाने सत्ता घेतली. १९८४ च्या निवडणुकीत गेअरींच्या पक्षाला एकच जागा मिळाली. १९९७ साली ते वारले.

माणूस बिघडला, एवढ्यावर थांबणे सोपे आहे. आम्हाला दोष आणखी खोल दिसतो. मजुरांनी युनियन कमावली, पण ती एका माणसाच्या नावावर ठेवली. मालक बदलला, तेव्हा नव्या मालकाशी भांडायला त्यांच्या हाती स्वतःची युनियन उरली नाही. म्हणून युनियनचा हिशेब दरसाल सभासदांपुढे यावा, निवडणूक खरी व्हावी, आणि आपला माणूस मंत्री झाला तर त्याने युनियनची खुर्ची त्याच दिवशी सोडावी. आपल्याच मंत्र्याविरुद्ध संप करण्याची ताकद जिच्यात आहे, तीच कामगारांची युनियन.