मोबाईलवरील खेळ आणि परीक्षेचें वर्ष
(नभोवाणीवरील भाषण)



परीक्षेच्या वर्षीं मुलानें मोबाईलवरील खेळ सोडावे कीं नाहीं, आणि सोडावयाचे तर कसे, हा प्रश्न गेल्या पांच-सहा वर्षांत जितक्या पालकांनीं मला विचारला, तितक्यांनीं गणित व शुद्धलेखन मिळूनहि कांहीं विचारलें नसेल. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक साधा शाळामास्तर. वैद्यकाचा किंवा मानसशास्त्राचा अधिकार मजकडे नाहीं. परंतु फळ्यापुढें उभें राहून तीस-पस्तीस वर्षें मुलांचे चेहरे वाचले आहेत, आणि निवृत्तीनंतरहि आळींतील दोन-चार मुलें संध्याकाळीं घरीं येऊन बसतात. तेवढ्या शिदोरीवर आज आपणांशीं बोलणार आहें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. खेळ हा विद्येचा शत्रू आहे असें मानणाऱ्यांपैकीं मी नव्हे. ज्या महाराष्ट्रांत माजघरांतून सोंगट्यांचे पट अंथरले जात, ज्या सावंतवाडीस गंजिफांचीं वाटोळीं पानें अजूनहि हातानें रंगविलीं जातात, आणि ज्या नागपुरांतील दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीनें २०२५ सालीं जॉर्जियांतील बाटुमी येथें बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्या महाराष्ट्रांत खेळास नांवें ठेवणें शोभणार नाहीं. मोबाईलवरील खेळांतहि गुण नाहींत असें नाहीं. २००३ सालीं शॉन ग्रीन व डॅफ्नी बॅव्हेलियर या संशोधकांनीं ‘नेचर’ नियतकालिकांत असें दाखविलें कीं, वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळीं अधिक वस्तूंवर राहूं शकते. "यानें बुद्धि तल्लख होते" असें जे चिरंजीव मातोश्रींस पटवून देतात, त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. मात्र प्रमेय सिद्ध करतांना ही तल्लखी किती उपयोगी पडते, तें त्यांच्या प्रगतिपुस्तकावरून पाहावें.

जुन्या व नव्या खेळांत खरा भेद पडतो तो शेवटाविषयीं. बुद्धिबळांत राजावर मात झाली कीं डाव मोडावा लागतो. सोंगट्या घरीं गेल्या कीं पट गुंडाळतात. विटीदांडू अंधार पडला कीं आपोआप थांबतो. मोबाईलवरील पुष्कळ खेळांस असा शेवट मुळीं ठेवलेलाच नसतो. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं ‘टेट्रिस’ नांवाचा खेळ रचला. त्यांत वरून ठोकळे पडत राहतात, त्यांचा वेग वाढत जातो, आणि खेळणारा हरतो तेव्हांच डाव संपतो. हरलेला मनुष्य अर्थातच "आणखी एकदां" म्हणतो. हा खेळ रचला गेला तेव्हां त्यांत कोणाचा व्यापार नव्हता. आजच्या खेळांत तो आहे. खेळणारा जितका अधिक वेळ थांबेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवितां येतात आणि तितक्या अधिक वस्तू विकतां येतात. म्हणून रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस ठेवलेलें असतें. एक दिवस चुकला तर मालिका तुटते. पेटी उघडेपर्यंत आंत काय आहे, तें कळत नाहीं.

या शेवटच्या युक्तीचें मर्म अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनीं कबुतरांवरील प्रयोगांत दाखवून ठेवलें आहे. चोंच मारली कीं दर वेळीं दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होतांच पक्षी लवकर कंटाळतो. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, तर तो कितीतरी अधिक वेळ चोंच मारीत राहतो. यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं. रात्रीं साडेअकरा वाजतां आपल्या मुलाच्या अंगठ्याकडे पाहावें म्हणजे झालें.

दुसरी एक गोष्ट अभ्यासाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची आहे. १९२८ सालीं बर्लिन येथें मारिया ओव्स्यांकिना या विदुषीनें माणसांस कांहीं कामें करावयास दिलीं व तीं मध्येंच थांबविलीं. कोणी सांगितलें नसतां, कांहीं लाभ नसतां, बहुतेकांनीं संधी मिळतांच तें अर्धें काम पुन्हां हातीं घेतलें. मुलाच्या हातांतून खेळ मध्येंच काढून घेऊन आपण त्याच्यापुढें भूमितीचें पुस्तक ठेवतों, तेव्हां पुस्तकापुढें त्याचें शरीर बसतें, आणि मन मात्र अर्ध्या डावाकडे धांव घेत राहतें. डाव संपवून उठूं द्यावा, तर संपलेल्या डावांतून दुसरा निघतो.

या यंत्रणेपुढें केवळ "मनावर घे" असा उपदेश करणें मला क्रूरपणाचें वाटतें. महाभारतांतील नळराजा पुष्कराशीं द्यूत खेळूं लागला, तो कित्येक महिने खेळत राहिला. प्रजाजन व मंत्री दाराशीं येऊन उभे राहिले, दमयंतीनें विनविलें, तरी त्यानें उत्तर दिलें नाहीं. तो राजा होता, विद्वान होता. आपला मुलगा चवदा-पंधरा वर्षांचा आहे.

शिवाय हें यंत्र त्याच्या हातांत दिलें कोणीं, याचाहि विचार व्हावा. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, आणि ज्या घरांत मोबाईलला हात लावण्यास मुलांस बंदी होती, त्याच घरांत आईबापांनीं कर्ज काढून तो आणून दिला, कारण वर्ग त्यावर भरूं लागला. शाळा पुन्हां उघडल्या, तरी यंत्र परत गेलें नाहीं. त्याच वर्षीं २ सप्टेंबरला आपल्या सरकारनें ‘पब्जी’ या खेळावर बंदी घातली. मुलांनीं दुसरे खेळ शोधले, आणि २०२१ च्या जुलैंत तोच खेळ थोड्या निराळ्या नांवानें परत आला. दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत हे खेळ बंद केले होते. तो कायदा २०२२ च्या आरंभीं रद्द झाला. चीननें २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. आपल्याकडे २०२५ सालीं झालेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली, हें योग्यच झालें. परंतु दहावीच्या मुलाच्या अभ्यासाचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

आतां मास्तर म्हणून थोडा हिशेब मांडतों. रोज दोन तास खेळ धरला, तर वर्षाचे ७३० तास होतात. पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली, तर या सुमारें १,२५० तासिका झाल्या. हा आंकडा पाहून पालकांचे डोळे विस्फारतात. परंतु हा हिशेब जितका डोळे दिपविणारा तितकाच फसवा आहे. खेळाचे दोन तास वजा केले म्हणजे अभ्यासांत दोन तास मिळविले जातात, असें होत नाहीं. मध्यें एक पोकळी उरते. पालकांचें दुर्लक्ष होतें तें नेमकें या पोकळीकडे.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचें उदाहरण सांगतों. नांव सांगत नाहीं. दहावींत होता. चौघा मुलांची तुकडी करून खेळावयाचा एक खेळ तो रात्रीं एकपर्यंत खेळे. वडिलांनीं मोबाईल कपाटांत कुलुपांत ठेवला, तर मित्राच्या घरीं जाऊन बसे. सहामाहींत बीजगणितांत ४० पैकीं ११ गुण मिळाले. दिवाळीच्या सुटींत तो आपण होऊन मजकडे आला आणि म्हणाला, "सर, मला सोडायचं आहे, पण बाबांना सांगू नका." वडिलांस कळलें कीं ते दुसऱ्या दिवसापासून हिशेब विचारणार, याची त्याला भीति होती. आईला मात्र सांगावें, एवढें मीं त्याच्याकडून कबूल करून घेतलें.

खेळ मोबाईलवरून काढून टाकणें, हें काम एका मिनिटांत झालें. कठीण काम निराळेंच होतें. उरलेल्या तिघांस सांगणें. चौथा गेला म्हणजे तुकडी मोडणार, आणि तुकडी मोडणारा तो भ्याड, अशी त्यांची समजूत. चार दिवस तो हें टाळीत राहिला. शेवटीं शाळेच्या फाटकाशीं उभें राहून त्यानें परीक्षेपर्यंत येणार नाहीं असें सांगितलें. दोघे हंसले. तिसऱ्यानें बोलणें टाकलें, आणि तें पुष्कळ दिवस टाकलेलेंच होतें. मोठ्या माणसांस हें क्षुल्लक वाटेल. पंधराव्या वर्षीं मित्र गमावणें क्षुल्लक नसतें.

रात्रीं मोबाईल आईच्या उशाशीं राहूं लागला. पहिले आठ-दहा दिवस मुलगा चिडखोर झाला. झोंप येईना, जेवतांना हात उगाच खिशाकडे जाई. सर्वांत वाईट वेळ संध्याकाळीं साडेपांचची, कारण शाळेतून आल्यावर खेळ सुरू करण्याची तीच वेळ. त्या वेळीं त्यानें मजकडे यावें असें ठरलें. मी त्याला धडा वाचावयास सांगितला नाहीं. पाटीवर पांच उदाहरणें घालीं, तो सोडवी, आणि मी तेथल्या तेथें तपासून देईं. पाटीच कां, असें कोणी विचारील. मजकडे दोन जुन्या पाट्या शिल्लक आहेत, एवढेंच कारण. बरोबर आलें कीं चूक, हें दोन मिनिटांत कळे. खेळ मुलाला प्रत्येक क्षणीं उत्तर देतो आणि अभ्यास तीन महिन्यांनीं देतो, म्हणून अभ्यास हरतो. तेव्हां अभ्यासालाहि लवकर बोलतें केलें पाहिजे.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांस उतारे दिले. उतारा पुन्हां वाचणाऱ्यांस एका आठवड्यानंतर त्यांतील शंभरांत सुमारें ४२ भाग आठवले. पुन्हां न वाचतां, आठवेल तें लिहून काढणाऱ्यांस ५६ आठवले. गंमत अशी कीं, पांच मिनिटांनीं विचारलें, तेव्हां पुन्हां वाचणारेच पुढें होते. पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न विचारणें त्या क्षणीं जड जातें, म्हणूनच मुलें तें टाळतात आणि पिवळ्या शाईनें ओळी रंगवीत बसतात.

तिसऱ्या आठवड्यांत मामाच्या घरीं लग्न निघालें. तेथें मावसभावाच्या मोबाईलवर हा पठ्ठ्या रात्रभर खेळला. परत आला तो मान खालीं घालून. आतां सर्व संपलें, पुन्हां तुकडींत जातों, असें म्हणूं लागला. मीं त्याला पाटीवर वजाबाकी घालावयास सांगितली. वीस दिवसांतून एक रात्र गेली, उरले किती? एकोणीस. "शून्य कां लिहिलें नाहींस?" असें विचारल्यावर प्रथमच हंसला. पुढें एकदां-दोनदां असेंच झालें, पण तुकडींत तो गेला नाहीं. जानेवारींतील पूर्वपरीक्षेंत बीजगणितांत ४० पैकीं २४ गुण पडले. हें कांहीं वृत्तपत्रांत छापून येण्याजोगें यश नव्हे. मला तें पुरेसें वाटलें, त्याच्या वडिलांस वाटलें नाहीं.

वडिलांवरून आठवलें. ज्या घरांत जेवणाच्या ताटाशेजारीं वडिलांचा मोबाईल उजळलेला असतो, तेथें मुलास संयम शिकविण्याची भाषा मुलाच्या कानांत शिरत नाहीं. संध्याकाळचे दोन तास घरांतील सर्वांचे मोबाईल एका फळीवर ठेवून पाहा. शाळेच्या सूचना त्याच यंत्रावर येतात, ही अडचण खरी आहे. त्या सूचना दिवसांतून एकदां आईनें पाहून कागदावर उतरून द्याव्यात. मैदान, पोहणें, निदान कोपऱ्यापर्यंत फिरणें, हें मात्र परीक्षेच्या वर्षींहि बंद करूं नये. सर्वच खेळ काढून घेतले, तर मुलगा पहिल्या संधीला मोबाईलकडेच पळेल.

आतां ज्या मुलांस हें साधत नाहीं, त्यांच्याविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकारास स्वतंत्र स्थान दिलें आहे. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां त्यालाच अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि तो चालूच राहणें किंवा वाढणें, हीं त्याचीं लक्षणें, आणि तीं सामान्यतः वर्षभर दिसावीं लागतात. तेव्हां परीक्षेपूर्वीं महिनाभर खेळणाऱ्या प्रत्येक मुलास रोगी म्हणूं नये. परंतु मुलगा शाळा सोडूं लागला, जेवण-झोंप टाकूं लागला, घरांत हात उगारूं लागला, तर मास्तरांकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावें. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ संस्थेंत २०१४ पासून यासाठीं स्वतंत्र विभाग चालतो. तितक्या दूर जाणें शक्य नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहींत, आणि त्यावर मराठींतहि बोलतां येतें.