सर्व्हरवरील पॅकेजांचा तंटा व तो मिटविण्याची रीत

(पिरनवाडी येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



१९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना झाली आणि संगणकविद्या आपल्या दाराशी आली. आज शाळांचे निकाल, सहकारी संस्थांचे हिशेब व कार्यालयांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या जातात. जो संगणक अशी माहिती अनेकांना एकाच वेळी पुरवितो, त्यास सर्व्हर म्हणतात. अशा बहुसंख्य यंत्रांवर लिनक्स ही प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने तिचीच ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती सिद्ध केली.

लिनक्समध्ये कोणतेही सॉफ्टवेअर बहुधा ‘पॅकेज’ या गठ्ठ्याच्या रूपाने येते. कोणती फाईल कोणत्या पॅकेजची, याची नोंदवही यंत्र स्वतः ठेवते. जमिनीच्या उताऱ्यासारखीच ही नोंद होय. एकाच फाईलीवर दोन पॅकेजांनी हक्क सांगितला, अथवा दोघांना एकाच घटकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या हव्या असल्या, की यंत्र काम थांबविते.

सर्व्हरचा सारा कारभार एका पडद्यावरून पाहता यावा म्हणून सीपॅनेल, व्हर्च्युअलमिन, हेस्टिया यांसारखी नियंत्रण-सॉफ्टवेअरे बसविली जातात. ती आपला वेबसर्व्हर, टपालव्यवस्था व डेटाबेस बरोबर घेऊन येतात. यंत्रावर यांपैकी काही अगोदरच असेल, तर तंटा उद्भवतो. उदाहरणार्थ, मारियाडीबी हा डेटाबेस २००९ साली मायएसक्यूएलपासून वेगळा झाला. नेहमीच्या मांडणीत दोघेही आपली माहिती एकाच फोल्डरमध्ये ठेवतात. त्यामुळे ते एकत्र नांदू शकत नाहीत. अशा वेळी घाईने जुने पॅकेज समूळ काढून टाकल्यास त्याबरोबर वर्षानुवर्षांच्या नोंदीही नष्ट होण्याचा संभव असतो. सॉफ्टवेअर पुन्हा मिळते; विद्यार्थ्यांचे गुण व सभासदांची खाती पुन्हा मिळतीलच असे नाही.

यास्तव पुढील क्रम पाळणे इष्ट होय.

१. प्रथम डेटाबेस व मांडणीच्या फाईली यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी व ती उघडते याची खात्री करावी.

२. त्रुटीचा संदेश संपूर्ण वाचावा. मूळ कारण बहुधा पहिल्या त्रुटीत असते; पुढच्या ओळी तिचे परिणाम सांगतात.

३. वादातील फाईल कोणाची, हे नोंदवहीस विचारावे. डेबियन कुळात ‘डीपीकेजी’ व रेड हॅट कुळात ‘आरपीएम’ ही आज्ञा ते सांगते.

४. पॅकेज कोणत्या भांडारातून आले ते पाहावे. बाहेरची भांडारे जोडल्याने आवृत्त्यांचा मेळ बिघडतो; अनावश्यक भांडार बंद करावे. प्रणालीची मुदतही तपासावी. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अशा प्रणालीवर नवे सॉफ्टवेअर बसविण्याचा आग्रह धरू नये.

५. बदल करण्यापूर्वी ‘आप्ट’ आज्ञेची रंगीत तालीम घेण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचल्यावाचून संमती देऊ नये.

यंत्राचा नकार डावलून पॅकेज बळाने बसविण्याचे पर्यायही उपलब्ध आहेत. त्यांनी संदेश नाहीसा होतो, परंतु तंटा आत तसाच राहतो व पुढील सुधारणेच्या वेळी पुन्हा डोके वर काढतो.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे नियंत्रण-सॉफ्टवेअर नव्याने प्रणाली घातलेल्या कोऱ्या यंत्रावर बसविणे आणि मग माहिती तेथे हलविणे. अशा सॉफ्टवेअरचे निर्मातेही बहुधा हाच सल्ला देतात. शाळा व संस्थांच्या चालकांनी याकरिता लागणारा एक-दोन दिवसांचा अवधी तंत्रज्ञास अवश्य द्यावा. गावाचे दप्तर आपण जितक्या काळजीने कपाटात जपतो, तितक्याच काळजीने ते सर्व्हरवरही जपले जावे, एवढीच आपणां सर्वांस विनंती आहे.